मुंडकं एकाचं, धड दुसऱ्याचं

कादंबरीतला साहित्यिक संदर्भ म्हणजे लग्नाच्या पंगतीत समोर बसलेला ओळखीचा चेहरा. ओळख पटली तर दोन घास जास्त जातात, नाही पटली तरी जेवणाचं अडत नाही. जर्मन कादंबरीतले असे चेहरे ओळखायला आपल्याला एरवी तळटिपा लागतात. थॉमस मान यांची १९४० सालची, डोक्यांच्या अदलाबदलीची छोटी कादंबरी मात्र हैदराबादेतल्या मराठी माणसाने हातात घ्यावी. इथे तळटीप जर्मनांना लागते. आपल्याला सगळे पाहुणे घरचेच भेटतात.

विचारी पण काडीपैलवान श्रीदमन, त्याचा पिळदार अंगाचा मित्र नंद, आणि नवऱ्याची बुद्धी मानूनही मित्राच्या दंडांवरून नजर न हटणारी सीता. देवीच्या देवळात दोघे आपापलं शिर उतरवतात आणि सीता ती घाईत उलटसुलट बसवते. आता नवरा कोणता? हा तर आपला वेताळ! सोमदेवाच्या कथासरित्सागरातला हा पेच भारतविद्येचे जर्मन पंडित हाइनरिश त्सिमर यांच्यामार्फत मानना मिळाला. वाटेत गटेच्या ‘पारिया’ या कवितात्रयीचीही सावली पडली. तिथे ब्राह्मणीचं शिर गुन्हेगार बाईच्या धडावर बसतं. ही ब्राह्मणी कोण, यावर जर्मनीत प्रबंध होतील. हैदराबादेत बाल्कमपेटच्या यल्लम्मासमोर, आषाढातल्या कल्याणोत्सवाच्या गर्दीत कुणालाही विचारा. परशुरामाची आई रेणुका ती! पूर्वी निजामाच्याच राज्यात असलेल्या माहूरला तर देवीचं नुसतं मुखच पुजलं जातं. धड कुठलं, हा वाद तिथे मुळातच मिटवून टाकलाय.

ही भारत-जर्मनी ये-जा एकतर्फी नव्हती. १९३१ साली हैदराबादेत मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई जन्माने जर्मन ज्यू. विंटरनिट्झ यांनी जर्मनमध्ये लिहिलेला भारतीय वाङ्मयाचा इतिहास शीलवतीबाईंनी इंग्रजीत आणला. आपल्या ग्रंथांची हकीकत आपल्याला जर्मनीहून, मराठी घरातल्या जर्मन सुनेकडून, इंग्रजीत कळली. वेताळालाही एवढा गुंता सुचला नसता.

वेताळाला विक्रमाने सरळ उत्तर दिलं होतं: डोकं ज्याचं, माणूस तो. मानचं एवढ्यावर समाधान झालं नाही. त्यांच्या गोष्टीत श्रीदमनाच्या डोक्याखाली नंदाचे दंड हळूहळू सैल पडतात, आणि ते डोकंही नव्या धडाच्या सवयी उचलतं. ही निरीक्षणं करायला त्यांना हैदराबादेत येता आलं असतं. इथल्या जुन्या मराठी घरात डोकं विवेकवर्धिनी शाळेतलं, शुद्धलेखनाचं. धड मात्र इराणी चहाचं. डोकं सांगतं, सहाच्या व्याख्यानाला पावणेसहाला पोचायचं. धड विचारतं, घाई कसली? काही वर्षांत डोकंही सव्वासहाला हलकेच मान डोलावू लागतं. पुण्याचे पाहुणे अशा वेळी विक्रमासारखे निकाल द्यायला बसतात: तुमची मराठी बिघडली! हैदराबादी माणूस ‘हौ’ म्हणतो आणि त्यांच्यासाठी दुसरा कप मागवतो. तिसऱ्या दिवशी पाहुणेच व्याख्यानाला उशिरा पोचतात.