डेकवाले काका

एप्रिलची दुपार, बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. छत्रपती संभाजीनगरात तुम्ही कुणाच्या घरी जाता, घाम पुसत पंख्याच्या बटणाकडे हात नेता आणि यजमान किंचाळतात, "हां हां, पंखा नको!" समजून घ्या, तुम्ही डेकवाल्या काकांच्या घरी आला आहात. पंख्याच्या रेग्युलेटरमुळे त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खरखर येते. रेग्युलेटर बदलता येतो, हे इलेक्ट्रिशियनने सांगून झालंय. पण तो बदलला तर खरखर जाईल आणि पंखा लावावा लागेल. मग पंख्याचा स्वतःचा आवाज आहेच.

काका साठीच्या अलीकडे-पलीकडे असतात. पाटबंधारे, महावितरण, जिल्हा परिषद, बँक, नाहीतर वाळूजची एखादी कंपनी, असं कुठूनतरी निवृत्त झालेले. सिडकोच्या प्रत्येक 'एन'मध्ये एखादा तरी सापडतो. जुन्या शहरातही असतात. फक्त तिथे त्यांना भाई म्हणतात आणि त्यांच्याकडचा माल जास्त चांगला असतो. त्याला कारण आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत परदेशी वस्तूंवर आयातीचे निर्बंध आणि वर जबर जकात. देशी सोनोडाइन होता, कॉस्मिक होता, नॉर्ज होता, फिलिप्स तर होताच. पण जपानी सॅनसुई, आकाई किंवा पायोनियर ज्या घरात दिसे, त्या घरातलं कुणीतरी बहुधा जेद्दाला नाहीतर दुबईला कामाला असे. शहागंज, रोशन गेटकडची मुलं आखातात गेली आणि सुट्टीवर येताना ब्लँकेट, अत्तर आणि खोक्यातला डेक घेऊन आली. आपल्या काकांनी तो डेक मित्राच्या घरी, दाराशी चपला काढून, हात न लावण्याच्या अटीवर पाहिला. स्वतःच्या घरी मर्फीचा रेडिओ होता. पुढे लग्नात टू-इन-वन मिळाला. त्यात लताबाई आणि किशोरकुमार एकाच भोकातून गायचे.

1991 नंतर बाजार मोकळा झाला, सीडी आली, होम थिएटर आलं, शेवटी मोबाइल आला. ज्यांच्याकडे सॅनसुई होता त्यांनी तो माळ्यावर टाकला आणि पुढे घर पाडून स्लॅब टाकताना भंगारात दिला. इकडे काकांच्या हाती पीएफ आला. दोन्ही गोष्टी साधारण एकाच सुमारास घडल्या, याला काकू नशीब म्हणतात. कुणाचं, ते सांगत नाहीत.

रविवारी सकाळी जाफर गेटला आठवडी बाजार भरतो. "तिकडे भाजी ताजी मिळते," असं सांगून काका निघतात आणि परतताना पुरावा म्हणून दोन किलो कांदे आणतात. बाजारातला त्यांचा नियम असा की हवी ती वस्तू आधी हातात घ्यायची नाही. आधी इस्त्री उचलायची, भाव विचारायचा, महाग आहे म्हणून ठेवून द्यायची. मग बिनभांड्याचा मिक्सर. मग रिमोटच्या ढिगात उगाच हात घालायचा. आणि निघता निघता, पायाला लागला म्हणून विचारतोय अशा सुरात, "और ये डब्बा क्या है?" विक्रेता ताडपत्रीवर बसून सगळं बघत असतो. काका आले तेव्हा नजर पहिल्यांदा कुठे गेली, हे त्याने केव्हाच टिपलेलं असतं. इस्त्रीचा भाव तो तोंडाला येईल तो सांगतो, कारण हा गिऱ्हाईक इस्त्री घेणारा नाही हे त्याला माहीत आहे.

"जपानी है साब. पीछे देखो, लिखा है."

"चालू है क्या?"

"चालूच था. घर शिफ्ट किए, इसलिए निकाले."

भंगार बाजारातली एकूण एक वस्तू चालू असते. बिघडलेलं इथे काहीच येत नाही. लोक सारखी घरं बदलतात, एवढंच. लावून बघायला जवळपास वीजही नसते, त्यामुळे दोघांचीही सोय होते.

मग काका तो डबा उचलतात. ही त्यांची खरी परीक्षा. जड लागला तर आत ट्रान्सफॉर्मर मोठा, हीट सिंक दणकट. हलका लागला की मान हलवून खाली. परीक्षा अगदीच खुळी नाही, त्या काळातल्या चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरांत लोखंड आणि तांबं खरोखरच सढळ हाताने घातलेलं असे. गंमत एवढीच की विक्रेत्यानेही तो उचलूनच विकत घेतलेला असतो, तांब्याच्या भावाने. काका दोनदा निघून जातात, दोनदा मागून "सुनो तो साब" ऐकू येतं, तिसऱ्यांदा येत नाही आणि काका स्वतःच परत वळतात.

किंमत हा पुढचा नाजूक विषय. समजा, सौदा साडेचार हजारांना तुटला. काकूंना सांगायचा भाव आठशे. एन-सातमधल्या दुसऱ्या डेकवाल्या काकांना सांगायचा भाव दोन हजार. म्हणजे त्यांच्या पोटात दुखेल, पण विश्वासही बसेल. साडेचार हजार ही रक्कम फक्त विक्रेत्याला आणि एटीएमला माहीत. घरातल्या प्रत्येक यंत्राचे असे तीन भाव काका वर्षानुवर्षं तोंडपाठ ठेवतात, कधी चुकत नाहीत. जिल्हा परिषदेचं ऑडिट काढलेला माणूस आहे, म्हणून जमतं. काकूंना अर्थात सगळं कळतं. आठशे रुपयांची वस्तू कुणी रिक्षात मांडीवर घेऊन, प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखून आणत नाही.

आता या गावच्या डेकवाल्यांना एक असं दुःख आहे, जे पुण्या-मुंबईच्या त्यांच्या भाऊबंदांच्या वाट्याला त्या प्रमाणात आलेलं नाही. सॅनसुई ही मुळात टोकियोची कंपनी. ट्रान्सफॉर्मर करता करता अ‍ॅम्प्लिफायरकडे वळलेली. सत्तरच्या दशकातल्या तिच्या काळ्या तोंडाच्या 'एयू' मालिकेसाठी जगभरचे शौकीन आजही पैसे मोजतात. असा एक काकांना मिळाला. त्यांनी तो हॉलमध्ये मधोमध मांडला आणि कॉलनीला चहाला बोलावलं. पहिले पाहुणे आले, वाकून नाव वाचलं आणि आनंदाने म्हणाले, "अरे वा! सॅनसुई! आपल्या चितेगावचा!"

त्यांचाही दोष नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. पुढे याच समूहाने भारतात सॅनसुईच्या नावाने टीव्ही विकले, आकाईच्या नावानेही विकले. अर्ध्या गावाचं कुणी ना कुणी तिथे कामाला होतं. काकांनी टोकियो सांगून पाहिलं, 1970 चं दशक सांगितलं, झाकण उघडून आतला ट्रान्सफॉर्मर दाखवला. पाहुणे मान डोलवत राहिले. "हो हो. आमचा मेहुणा होता ना तिथे, असेंब्लीला. आधी बोलला असतात तर स्टाफ रेटने मिळाला असता." त्या दिवसापासून काकांनी एक तह केला. अ‍ॅम्प्लिफायरवर क्रोशाचा रुमाल घालायचा नाही, वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडली पाहिजे, यावरून त्यांचं आणि काकूंचं जुनं वैर. काकू फ्रिजला, टीव्हीला, गॅस सिलिंडरलासुद्धा रुमाल घालतात. आता पाहुणे यायचे असले की काका स्वतःच रुमाल आणतात आणि बरोबर नावावर येईल असा समोरून सोडतात.

स्पीकर मांडण्याचं शास्त्र वेगळं. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा, तेव्हाच गायिका दोन्हींच्या मधोमध उभी राहून गाते. हे खरं आहे, मी स्वतः ऐकलंय. पण सिडकोच्या रो-हाउसचा हॉल दहा बाय बारा, त्यात दिवाण, शोकेस आणि सोफा. काकांनी टेप लावून मोजलं, तेव्हा त्रिकोणाचं तिसरं टोक नेमकं संडासाच्या दारात आलं. तिथे एक प्लॅस्टिकची खुर्ची कायमची ठेवलेली आहे. स्टिरिओ ऐकायचा तर त्या खुर्चीत, एका वेळी एकाने. बाकीच्यांनी सोफ्यावर बसून डावा स्पीकर ऐकावा. कुणाला घाई लागली तर खुर्ची सरकवावी लागते आणि गायिका हलते.

तबकड्यांच्या बाबतीत काका फारच पुढे गेलेले आहेत. लहानपणी हॉटेलात त्यांनी पाहिलं होतं की सुई उड्या मारायला लागली की मालक तिच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवायचा. सुई थांबायची, पण तबकडी खरवडून निघायची, कारण नाण्याचं वजन अडीच-तीन ग्रॅम आणि बऱ्याच सुयांना एकूण भारच दोन ग्रॅमच्या आसपास लागतो. चार आणे 2011 साली चलनातून गेले, काकांनी सुटकेचा श्वास सोडला. सुईचा भार मोजायला त्यांनी सराफ्यातून सोनं तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. "काटा आणलात, आता सोनंही आणा," असं काकू म्हणाल्या. तो विषय तिथेच थांबला.

एवढं करूनही यंत्र चालू असतंच असं नाही. रबरी बेल्ट वितळून काळा चिकटा झालेला असतो, स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होतो, व्हॉल्यूम फिरवला की भाजणीच्या चकल्या तळल्याचा आवाज येतो. मग गुलमंडीमागच्या बोळातले मेकॅनिक. हे गृहस्थ एके काळी रेडिओ दुरुस्त करायचे, आता गणपतीच्या डीजेचे अ‍ॅम्प्लिफायर करतात. डबा उघडून ते आत बघतात, बराच वेळ काही बोलत नाहीत आणि मग म्हणतात, "कंडेन्सर गेलेत." कोणतंही यंत्र असो, कंडेन्सर गेलेलेच असतात, आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या यंत्रात बहुतेक वेळा ते खरंही असतं. नवे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावे लागतात. "आले की फोन करतो." फोन येत नाही. काका दर आठवड्याला तिथे जाऊन बसतात, स्टुलावर चहा पितात, आपल्या यंत्राच्या उघड्या पोटाकडे पाहतात. माझं प्रामाणिक मत विचाराल तर काकांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे तास त्या स्टुलावर जातात. घरी यंत्र चालू असतं, तेव्हा ते इतके खूश दिसत नाहीत.

चालू यंत्राचा कार्यक्रम मात्र ठरलेला. तुम्हाला खुर्चीत बसवलं जातं. दारं-खिडक्या बंद. पंखा बंद. तबकडी मखमलीच्या ब्रशने पुसली जाते, सुई टेकते. आर. डी. बर्मनचं काहीतरी सुरू होतं, सुरुवातीचे सूर डावीकडून उजवीकडे जायला लागतात आणि काका तुमच्या कानाशी ओरडतात, "ऐकलं का? गेलं बघा! इकडून तिकडे गेलं!" तुम्ही मान हलवता. गाण्याचे शब्द सुरू होण्याआधीच सुई उचललेली असते. "आता हे ऐका." दुसरी तबकडी. पुन्हा सुरुवातीचे वीस सेकंद, पुन्हा "ऐकलं का?" मी त्यांच्याकडे इतक्या गाण्यांच्या सुरुवाती ऐकल्या आहेत, अंतरा एकाचाही नाही. मध्येच स्पीकरमधून 'गूंऽऽ' असा आवाज येतो. काका दचकतात, अर्थिंग तपासतात, वायर हलवतात. तेवढ्यात आतून काकूंची हाक, "अहो, नळ आलाय, मोटार लावलीय मी!" या शहरात पाणी कितीतरी दिवसांनी येतं, तेव्हा त्याच्यापुढे जपान हरतं.

वॅट हा विषय काकांसमोर काढू नये. नव्वदच्या दशकात हजार-हजार वॅट पीएमपीओ छापलेल्या सिस्टिम बाजारात आल्या, त्यातले खरे वॅट कितीतरी कमी असत. काकांचा अ‍ॅम्प्लिफायर तीस वॅटचा. "पण तीस म्हणजे तीस!" हे ते ज्या अभिमानाने सांगतात, त्या अभिमानाने लोक आजोबांनी लाच नाकारल्याचं सांगतात. वेरूळ-अजिंठा महोत्सवाला काका सोनेरी महालावर जातात ते साउंडवाल्याच्या टेबलामागे उभे राहायला. मंचावर कोण गायलं, असं दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणतात, "गायले चांगलं. पण बास फार होता."

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी निर्वाणीचं सांगितलं की पलंगाखालचा एक तरी डबा घरातून गेला पाहिजे. काकांनी मन घट्ट केलं, एक आकाई निवडला आणि रविवारी रिक्षा करून जाफर गेटला नेला. त्याच ताडपत्रीवर ठेवला.

"चालू है," काका म्हणाले.

"सबका चालूच रहता साब," विक्रेता म्हणाला आणि उचलून बघितलं. "पाच सौ."

काकांना हा स्वतःचा नाही, जपानचा अपमान वाटला. त्यांनी मॉडेल नंबर सांगितला, हेड कसं बनवतात ते सांगितलं, बाजूचा पाना-पक्कडवाला आणि दोन गिऱ्हाइकं ऐकत उभी राहिली. विक्रेत्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग गोणपाट बाजूला करून एक पायोनियर पुढे सरकवला. "आप समझदार आदमी हो. इसका जोडा किधर मिलेगा?"

दुपारी काका घरी आले, तेव्हा रिक्षात दोन डबे होते आणि कांदे विसरले होते. आकाईला भाव आला नाही, म्हणून परत आणला, असं काकूंना सांगितलं.

"आणि हा दुसरा?"

"तो?" काकांना क्षणभर आकडा सुचेना. "तो त्याने फुकट दिला."

एन-सातच्या काकांना मात्र संध्याकाळीच फोन गेला. तिथला भाव पाचशे होता.