इच्छाशक्तीच्या घाऊक व्यापाऱ्यास

श्रीयुत विश्लेषक महोदय,
समालोचन कक्ष, स्टॅनले चषक प्लेऑफ (आइस हॉकी)



पत्रास कारण की, एप्रिलच्या मध्यापासून थेट जूनपर्यंत तुम्ही आमच्या दिवाणखान्यात मुक्कामाला असता. अधिक महिन्यातला जावईही इतका राहत नाही. १६ संघ, सातातले चार सामने जिंकेल त्याची मालिका, अशा चार फेऱ्या. चषक उचलायचा तर १६ विजय हवेत. एवढ्या काळात मी तुमच्याशी पुष्कळ बोललो आहे, कधी कधी मोठ्यानं. पण टीव्हीला ऐकू येत नाही असं घरचे म्हणतात, म्हणून आता लेखी.

आधीच स्पष्ट करतो, तक्रार तुमच्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांबद्दल नाही. एक इंच जाडीची, तीन इंच व्यासाची गोठवलेली रबरी चकती, म्हणजे पक, ६१ मीटर लांबीच्या बर्फावर इकडून तिकडे सुटते, खेळाडू पाऊण-एक मिनिटाला बदलतात, तेही खेळ न थांबवता, आणि हा माणूस पक कोणाकडे आहे ते नावानिशी सांगत राहतो. फॉस्टर ह्युइटनं १९२३ साली टोरांटोत रेडिओवर हेच काम केलं. बॉब कोलनं ते ५० वर्षं निभावलं. कोलचा आवाज चढला की स्वयंपाकघरातला माणूस हातातलं टाकून बाहेर यायचा, कारण तो आवाज उगाच चढत नसे.

तक्रार तुमच्याबद्दल आहे. कामाची वाटणी सरळ आहे. काय झालं ते त्यांनी सांगायचं, का झालं ते तुम्ही. त्यासाठीच तर तुम्हाला कोट-टाय घालून वर बसवलंय. तुम्ही स्वतः हा खेळ खेळलात, त्यात दात गमावलेत, तुमच्यातल्या काहींनी संघ शिकवलेत. आणि एवढी पुण्याई गाठीशी असताना ‘का’ या प्रश्नाला तुमच्याकडे वर्षानुवर्षं उत्तर एकच: त्यांना ते जास्त हवं होतं. गोल झाला? जास्त हवा होता. कोपऱ्यातली झटापट जिंकली? जास्त हवी होती. पक खांबाला आपटला, तिथून बचावपटूच्या बुटाला लागला आणि आत गेला? तो बूट तीनदा संथगतीनं दाखवला जातो, तुम्ही घसा खाकरता, आम्ही जरा आशेनं पुढे सरकतो, आणि हरदासाची कथा मूळ पदावर: इच्छाशक्ती! बिचारा बूट.

२०२४ ची अंतिम मालिका आठवते का? फ्लोरिडा पँथर्सनी एडमंटन ऑइलर्सना ३-०, ४-१, ४-३ असं ओळीनं तीनदा हरवलं. तुमचा निकाल तयार होता: फ्लोरिडाला भूक आहे, आदल्या वर्षीची अंतिम फेरी हरल्याची सल आहे. मग एडमंटननं ८-१ असा धुव्वा उडवला, पुढचे दोन सामने ५-३ आणि ५-१ असे घेतले. आता भूक एडमंटनकडे आली. वारं फिरलं, म्हणालात. फ्लोरिडाच्या डोळ्यांत भीती दिसते, असंही म्हणालात. शिरस्त्राणाच्या काचेआडची भीती तुम्हाला समालोचन कक्षातून दिसली याचं मला कौतुकच वाटलं. ०-३ वरून मालिका जिंकलेले संघ तोवर चारच होते, १९४२ चे टोरांटो, १९७५ चे आयलंडर्स, २०१० चे फ्लायर्स आणि २०१४ चे किंग्ज. पाचवं नाव तुम्ही जवळपास कोरून ठेवलं होतं. २४ जूनला सातवा सामना झाला. फ्लोरिडा २-१ नं जिंकली. आणि तुम्ही, डोळ्याची पापणी न लववता, सांगितलंत की विजेत्याचं काळीज असं असतं.

दहा दिवसांत त्या काळजानं दोनदा घर बदललं, महोदय. खेळाडू तेच, प्रशिक्षक तेच, गोलरक्षक बोब्रोव्हस्कीही तोच, ज्याला चौथ्या सामन्यात पाच गोल खाल्ल्यावर बाहेर काढलं होतं. वाऱ्याचं म्हणाल तर तीन विजयांचं वारं पाठीशी घेऊन सातव्या सामन्यात उतरलेला संघ हरला. हे वारं नेमकं कुठल्या दिशेनं वाहतं ते तुम्हाला दर वेळी निकाल लागल्यावरच कसं कळतं? आणि कॉनर मॅकडेव्हिड? २५ सामन्यांत ४२ गुण मिळवून, हरलेल्या संघात असूनही प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला चषक कमी हवा होता, असं त्याच्या तोंडावर सांगायला तुमच्यापैकी कोण जाणार आहे?

त्याहून जुना दाखला देतो. ११ ऑगस्ट २०२०, टोरांटो, करोनामुळे रिकामं प्रेक्षागृह. टँपा बे विरुद्ध कोलंबस, बरोबरी सुटेना. प्लेऑफमध्ये शूटआउट नसतो. पाचाविरुद्ध पाच, वीस-वीस मिनिटांची सत्रं, गोल होईस्तोवर. पाचव्या ओव्हरटाइमच्या अकराव्या मिनिटाला ब्रेडन पॉइंटनं गोल केला तेव्हा सामना सुरू होऊन सहा तास उलटले होते, आणि त्याच बर्फावर त्या रात्री व्हायचा दुसरा सामना दुसऱ्या दिवसावर ढकलावा लागला. कोलंबसचा गोलरक्षक योनास कोर्पिसालोनं ८५ फटके अडवले. पंच्याऐंशी. आणि हरला. तुमच्या हिशेबानं त्याला विजय टँपाच्या लोकांपेक्षा थोडा कमी हवा असणार. ८६ वा अडवण्याइतकी इच्छा त्याच्यात नव्हती, आळशी कुठला!

बरं, ‘का’चं खरं उत्तर देणं फार अवघड असतं का? तुम्हीच ठरवा. दुसरं सत्र चालू आहे. दोन्ही संघांचे बाक एकाच बाजूला, शेजारी शेजारी. पहिल्या सत्रात प्रत्येकाचा बाक त्याच्या स्वतःच्या गोलच्या अंगाला असतो. दुसऱ्या सत्रात संघ बाजू बदलतात, बाक तिथेच राहतात. म्हणजे बचाव करताना दम लागला तर बाक आता मध्यरेषेपलीकडे, दूर. पक आपल्या गोलपुढे अडकलेला असताना तेवढं अंतर कापून बदली घेणं शक्य नसतं. मग काय होतं? पाच जण अडकतात. मिनिट होतं, सव्वा मिनिट होतं. पाय जड होतात, वळण घेताना स्केट ओढल्यासारखे चालतात, एक जण काठी गुडघ्यांवर टेकवून ओणवा होतो. शेवटी कुणीतरी जीव खाऊन पक लांब भिरकावतो. तो कुणाला न लागता पलीकडची गोलरेषा ओलांडतो. आयसिंग. शिट्टी. आणि २००५ पासूनचा नियम असा की आयसिंग करणाऱ्या संघाला त्या वेळी खेळाडू बदलता येत नाहीत. समोरचा संघ ताजे पाच उतरवतो, हे पाच तसेच धापा टाकत उभे. फेसऑफ, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं, तेही यांच्याच गोलपुढे. वीस सेकंदांत गोल.

इथे तुमचा माइक सुरू होतो. सांगायला केवढं होतं! बाक कुठे आहे, कोण किती वेळ बर्फावर होता, लांब मारण्याऐवजी त्यानं पक काचेला लावून सोडवला असता तर काय झालं असतं. पहिल्या ओव्हरटाइममध्येही बाक असेच दूर असतात, तेव्हा सावध राहा, हेही सांगता आलं असतं. तुम्हाला हे माझ्यापेक्षा हजारपट चांगलं ठाऊक आहे. तुम्ही त्या बाकावर बसून पाणी प्यायलेले आहात. आणि तुम्ही काय म्हणालात? “बघा, कोणाला जास्त हवं होतं!”

दुखापतींचं तर विचारूच नका. प्लेऑफमध्ये संघ दुखापत लपवतात. ‘वरच्या अंगाची’ किंवा ‘खालच्या अंगाची’ एवढंच जाहीर होतं. समजू शकतो, समोरचा नेमका तिथेच मारेल. पण तुम्ही या लपवाछपवीला देवत्व देता. ५ जून २०१३ ला बॉस्टनच्या ग्रेगरी कॅम्पबेलनं प्रतिस्पर्धी माल्किनचा फटका पायावर झेलला. नडगीशेजारचं हाड मोडलं, आणि तो तसाच एका पायावर जवळपास मिनिटभर बर्फावर राहिला, कारण संघ आधीच एका खेळाडूनं कमी होता. माणूस म्हणून मी थक्क झालो. पण त्याचीच जपमाळ तुम्ही आजतागायत ओढता. त्याच महिन्यात त्याच संघाचा पॅट्रिस बर्जरॉन मोडलेली बरगडी आणि फाटलेली कूर्चा घेऊन अंतिम मालिकेचा सहावा सामना खेळला. सामन्यानंतर फुप्फुसाला छिद्र पडल्याचंही निघालं. शेवटच्या दीड मिनिटात शिकागोनं १७ सेकंदांत दोन गोल केले आणि बॉस्टन हरलं. आता मला सांगा, फुप्फुसाला छिद्र पाडून घेणाऱ्याहून जास्त कोणाला काय हवं होतं? इथे तुमचं दुकान बंद व्हायला हवं होतं. तुम्ही मात्र कॅम्पबेल आणि बर्जरॉन दोघांनाही माळेत ओवून पुढच्या सामन्याला निघालात. कुण्या पोरानं तेरा-चौदाव्या वर्षी डोक्याला मार लागूनही प्रशिक्षकाला सांगितलं नाही, तर ते त्यानं कुणाचं ऐकून केलं असेल, याचा विचार जाहिरातींच्या वेळात करून पाहा.

पंचांबद्दल थोडक्यात. “पंचांनी निकाल ठरवू नये, शिट्टी खिशात ठेवावी, पोरांना खेळू द्यावं,” हा तुमचा आवडता अभंग. काठीनं हात धरला, शिट्टी नाही, निकाल ठरला. तो पंचांनीच ठरवला, फक्त गप्प राहून. ऑक्टोबरमध्ये जो गुन्हा दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसवतो, तो मे महिन्यात मर्दानी खेळ कसा होतो? बाकी मध्यंतरात तुम्ही गंभीर चेहऱ्यानं सट्ट्याचे भाव वाचून दाखवता, त्यावर मी काही लिहीत नाही. ओंटारिओनं २०२२ मध्ये खासगी सट्टेबाजीला दार उघडलं, त्याचं खापर तुमच्यावर फोडणं बरं नाही. पण सगळं इच्छाशक्तीवर ठरत असेल तर त्या भावांत इच्छाशक्तीचा आकडा का नसतो, हे कुतूहल आहे.

तुम्ही म्हणाल, बोलणं सोपं आहे, थेट प्रक्षेपणात बोलून दाखवा. मान्य. म्हणून ज्यांनी करून दाखवलं त्यांच्याकडे बोट दाखवतो. २००८ पासून कॅनडात हॉकीचं पंजाबी समालोचन सुरू आहे. अल्बर्टातल्या ब्रूक्स गावचा हरनारायण सिंग त्याचा आवाज झाला. ३० मे २०१६, अंतिम मालिकेचा पहिला सामना, पिट्सबर्ग आणि सॅन होजे २-२. शेवटची अडीच मिनिटं उरली असताना निक बोनिनोनं गोल केला आणि हरनारायण ‘बोनिनो, बोनिनो, बोनिनो’ करत सुटला, श्वास न घेता. ती चित्रफीत पंजाबीचं अक्षर न कळणाऱ्या पिट्सबर्गनं डोक्यावर घेतली. चषक जिंकल्यावर संघानं त्या मंडळींना जल्लोषाला बोलावलं. त्या समालोचनात बोनिनोची जिगर, संस्कार, कनिष्ठ लीगमधले दिवस यांवर एक अक्षर नव्हतं. ज्यानं गोल केला त्याचं नाव, आणि आनंद.

आम्ही मिसिसागातली मराठी माणसं. पंजाबी निम्मी कळते, हॉकी बऱ्यापैकी कळते. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेट समालोचन ऐकत वाढलेले कान आहेत. न दिसणारं मैदान बोलण्यातून उभं राहतं, हे आम्हाला कुणी पटवून द्यावं लागत नाही. तुमच्या बाबतीत उलटं होतं. मैदान समोर दिसत असतं आणि तुमच्या बोलण्यानं झाकलं जातं. पंजाबी समालोचन बघणाऱ्या आज्यांपैकी एक आमच्या शेजारी राहतात. पॉवर प्ले म्हणजे काय हे त्यांना हरनारायणच्या मंडळींनी शिकवलं. आता त्या मला शिकवतात, कोण दमलाय ते त्याच्या वळण्यावरून ओळखायचं असतं म्हणून. ब्याऐंशीच्या आहेत, कधी स्केट पायात घातले नाहीत. तुम्ही रजेवर जाणार असाल तर त्यांना विचारून बघतो.

नाहीतर यंदाच्या एप्रिलपासून एक छोटी सोय करा. दुसरं सत्र सुरू झालं की एकदा सांगा, बाक आता कुठे आहेत. गोल झाला की सांगा, हरलेल्या बाजूचे पाच जण किती वेळ बर्फावर होते. घड्याळ तुमच्यासमोरच असतं. बूट लागून गोल झाला तर बूट म्हणा. आणि इच्छाशक्तीचा उरलेला साठा ट्रकच्या जाहिरातवाल्यांना घाऊक भावात देऊन टाका, त्यांनाही दर सामन्यात तेच म्हणायचं असतं.

कळावे, लोभ असावा, आवाज जरा कमी असावा.

आपला,
एक प्रेक्षक, मिसिसागा