पुनश्च रोल

नोकरीनिमित्त म्हैसुरास येऊन निवृत्तीनंतर तेथेच कायम झालेल्या ज्या मराठी गृहस्थांना तारुण्यात कॅमेऱ्याचा नाद होता आणि ज्यांच्या ट्रंकेत निगेटिव्हची पाकिटे अद्याप शिल्लक आहेत, त्यांचा एक स्वतंत्र वर्ग अलीकडे उदयास आला आहे. त्यातला अस्सल नमुना पाहावयाचा असल्यास केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतून निवृत्त झालेला, सरस्वतीपुरमातला एखादा शास्त्रज्ञ गाठावा.

प्रकरणाचा आरंभ निरुपद्रवी असतो. मुलगा सद्हेतूने स्कॅनर आणून देतो. परंतु निगेटिव्हची चकचकीत बाजू कोणती व इमल्शनची कोणती याचा निवाडा करून सहा-सहा चित्रांच्या पट्ट्या काचेवर रुजू करू लागताच या गृहस्थांतला सुप्त अंमलदार जागा होतो. फेरिस्त तयार होते. वृंदावन उद्यानातल्या कारंज्यापुढे उभा असलेला, कोणत्याच नात्यात न बसणारा तरुण कोण, याविषयी पुण्या-सांगलीच्या आप्तांकडून लेखी खुलासे मागविले जातात. निगेटिव्हमध्ये ऐन पंचविशीतल्या मंडळींचे केस शुभ्र दिसतात. काळाने यथावकाश खरे केलेले हे भाकीत स्कॅनर एका क्षणात रद्दबातल करतो, हा चमत्कार पाहिल्यावर गृहस्थ फिल्मचे एकनिष्ठ उपासक बनतात.

मग बडोद्यास तयार झालेला आग्फा क्लिक कॅमेरा माळ्यावरून उतरतो आणि बडोद्याच्याच महाराजांचे नाव धारण करणाऱ्या सयाजीराव रस्त्यावरून मिरवत राजवाड्याकडे जातो. रविवारी सायंकाळी तेथे जवळजवळ एक लाख दिवे लागतात. भोवतालचे मोबाइल चित्रांचा पाऊस पाडीत असताना, रोलवरच्या बारा चित्रांपैकी शिल्लक राहिलेले एकमेव चित्र खर्ची घालावे किंवा कसे, याचा आमचे गृहस्थ साधकबाधक विचार करतात, आणि निर्णय मुक्रर होईतो दिवे मालवलेले असतात. उटीस १९६० साली स्थापन झालेली, 'इंदू' फिल्म काढणारी सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स बंद पडली, याचे सुतक ते अजून पाळतात.

रोल धुण्याचा दिवस म्हणजे घरात जमावबंदी. डी-७६ हे द्रावण २० अंशांवर हवे म्हणून फ्रीजमधला बर्फ जप्त होतो, न्हाणीघराच्या दाराच्या फटीत टॉवेल कोंबला जातो, आणि बाहेरून "अहो, मी आंघोळ करायची कधी?" असा अर्ज आला, तर "छायाचित्रकार टी. एस. सत्यन यांच्या गावात राहतो आपण!" एवढ्यावर तो निकालात निघतो.

एवढ्या अनुष्ठानाअंती सिद्ध झालेले चित्र पुन्हा स्कॅन होऊन मोबाइलवरच नातेवाइकांस रवाना होते, आणि भाचा तत्काळ विचारतो, "मामा, नवा मोबाइल कोणता घेतला?"

तथापि तीन पिढ्यांचे दफ्तर याच विक्षिप्तपणामुळे सुरक्षित झाले, हे मान्य केले पाहिजे. म्हणून आपल्या घरी असे गृहस्थ असतील, तर वाचकहो, त्यांना बर्फ अवश्य द्या. न्हाणीघर मात्र सकाळी दहानंतरच द्या.