शाखा उघडाच! क्रॉस-चेन ब्रिजवाल्यांना नगरच्या ठेवीदारांचे खुले पत्र

प्रति,
मा. संचालक मंडळ,
क्रॉस-चेन ब्रिज (पत्ता आढळून येत नाही)

विषय : अहिल्यानगर जिल्ह्यात आपली शाखा उघडणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून जिल्ह्यातील ठेवीदार आपणास कळवू इच्छितात की, आपल्या व्यवसायाला लागणारा अनुभव या जिल्ह्याकडे आधीपासूनच आहे. प्रशिक्षणावर खर्च करू नये.

इथेरियम या साखळीवरचं नाणं आपल्या ब्रिजवरून सोलाना या साखळीवर न्यायचं म्हणजे ते कुठे जात-येत नाही, हे इथल्या माणसाला लगेच समजतं. मूळ नाणं आपल्या तिजोरीत अडकतं आणि पलीकडे तेवढ्याच रकमेची पावती निघते. थोडक्यात, सोनेतारण. तिजोरीत सोनं आहे आणि ते खरं आहे, तोवरच पावतीला किंमत. नगर अर्बन बँकेच्या शेवगाव शाखेतलं बनावट सोन्याचं प्रकरण ज्यांनी वाचलं, त्यांना वर्महोल या ब्रिजचं प्रकरण वेगळं शिकवावं लागत नाही. २ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथल्या चोराने सही तपासण्याच्या कोडमधली फट शोधली आणि एकही इथर (इथेरियमचं नाणं) जमा न करता १ लाख २० हजार इथरच्या पावत्या सोलानावर काढून घेतल्या. सुमारे ३२ कोटी डॉलर. शेवगावात निदान पिवळा धातू तरी न्यावा लागला होता!

संचालक मंडळांबाबतही नवल वाटत नाही. रोनिन ब्रिजवर नवांपैकी पाच सह्या लागत. त्यातल्या चार सह्यांच्या चाव्या एकाच कंपनीकडे. पाचव्या सहीची मुभाही तिलाच नोव्हेंबर २०२१ मध्ये तात्पुरती म्हणून दिलेली, ती काढून घ्यायची राहून गेली. २३ मार्च २०२२ ला साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. कळलं २९ मार्चला, तेही एका ग्राहकाला आपले ५ हजार इथर काढता येईनात म्हणून. पतसंस्थेच्या शिपायालासुद्धा याच्या आधी कुणकुण लागते.

मल्टिचेन या ब्रिजने तर मंडळाचा देखावाही ठेवला नाही. चाव्या एकट्या सीईओच्या हाती. मे २०२३ मध्ये त्याला चीनच्या पोलिसांनी नेलं, जुलैत बारा कोटी डॉलरहून अधिक रक्कम हलली आणि उरलेल्यातली काही त्याच्या बहिणीने सांभाळायला म्हणून स्वतःकडे वळवली, असं संस्थेनेच जाहीर केलं. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या जिल्ह्यात इतका घरगुती कारभार कोणाला परका वाटायचा?

मुंबईत सुरू झालेल्या पॉलिगॉन या साखळीवाल्यांचं मात्र कौतुक करायला हवं. २०२१ मध्ये त्यांच्या ब्रिजमध्ये एक दोष सापडला : एकदा नाणी परत नेल्याचा पुरावा पुन्हा पुन्हा, तब्बल २२३ वेळा वटवता आला असता. शोधणाऱ्याने चोरी न करता तो कळवला आणि २० लाख डॉलरचं बक्षीस घेतलं. पणाला लागले होते ८५ कोटी. एकाच सातबाऱ्यावर तीन सोसायट्यांचं कर्ज उचलणाऱ्यांनी इथे हात जोडावेत.

आपले पूल असुरक्षित आहेत, असा अपप्रचार ठेवीदारांना मान्य नाही. चोरांना ते फार लाभतात. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका अंतर्गत खात्यातून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर गेले आणि त्यातला काही भाग ब्रिजवरून सोलानाहून इथेरियमवर सुखरूप उतरला. अडकतो तो सावेडीतला प्रामाणिक पोरगा. एक्स्चेंजमधून नाणी बाहेर पाठवताना त्याच्यासमोर टीआरसी-२० (ट्रॉन), ईआरसी-२०, बीईपी-२० अशी साखळ्यांची यादी येते, फी कमी दिसते त्या ओळीवर बोट पडतं आणि पैसे अशा साखळीवर उतरतात की घेणाऱ्या एक्स्चेंजच्या खात्यात ते दिसतच नाहीत. बरं, स्वतःच्या वॉलेटमध्ये नीट पोचले, तरी ट्रॉनवरून पुढे हलवायला फीसाठी टीआरएक्स हे तिथलं नाणं लागतं, आणि ते त्याच्याकडे नसतं.

सबब शाखा उघडावी, पण पुढील अटींवर. चाव्या कोणाकोणाकडे आहेत, त्याची यादी दर्शनी भागात लावावी. प्रत्येकाला आधी किरकोळ रक्कम पाठवून ती पलीकडून परत काढून पाहू द्यावी. एका व्यवहारासाठी आलेल्याकडून वॉलेटची कायमची, अमर्याद परवानगी घेऊ नये. जमल्यास सर्कल कंपनीने २०२३ पासून यूएसडीसी या आपल्या नाण्यासाठी चालवलेली रीत पाहावी : इकडचं नाणं जाळायचं, तिकडे नवं काढायचं. त्यात लुटायला तिजोरीच नाही. सर्कलवर भरवसा ठेवावा लागतो, तो लागतोच.

विम्याचं तेवढं कळवावं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नगर अर्बनचा परवाना रद्द झाला, तेव्हा ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच्या ठेव विम्याचा आधार होता. आपल्याकडे तो नाही. शिवाय सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतं आणि तोटा कशातूनही वळता करू देत नाही.

कळावे,
जिल्ह्यातील समस्त ठेवीदार

ता.क. पॉलिगॉनच्या चाचणी साखळीचं नाव ‘मुंबई’ होतं. तिच्यावरच्या नाण्यांना काडीची किंमत नव्हती आणि २०२४ मध्ये ती बंद झाली. आपण या जिल्ह्याच्या नावाने तशी साखळी काढणार असाल, तर ‘अहमदनगर’ की ‘अहिल्यानगर’ हे आधी शासन निर्णय पाहून ठरवावे.