शून्य साठ्याचा पोटमाळा

मोठ्या कारखान्यांच्या वार्षिक अहवालात एक वाक्य फार डौलात छापलेलं असतं : यंदा आम्ही मालाचा साठा घटवला. भागधारक टाळ्या वाजवतो. साठा गेला कुठे, हे मात्र तो विचारत नाही. आम्ही सांगतो. तो मुंबईत साकीनाक्याला गेला. खैरानी रोडवरच्या एखाद्या गाळ्यात, लोखंडी शिडीने चढावं लागतं अशा पोटमाळ्यावर, गोणपाट पांघरून तो पडलाय. साठा संपत नसतो, त्याचा फक्त पत्ता बदलतो.

साठा बेताचा ठेवायचं शास्त्र म्हणाल तर सुरेख आहे. अमेरिकेतल्या जोसेफ ऑर्लिकी यांनी 1975 साली त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. कारखान्यात ‘एमआरपी’ म्हटलं की छापील किंमत नव्हे, ‘मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’ हे शास्त्र समजायचं. त्यातली मेख सोपी आहे. मिक्सर किती खपतील हा अंदाज. पण हजार मिक्सर करायचे ठरले की तीन हजार भांडी लागणार, हा गुणाकार. अंदाज तयार मालाचा बांधा, सुट्या भागांचा हिशेब करा. कधी काय बनवायचं त्याचं वेळापत्रक, कशात काय किती लागतं ती यादी म्हणजे बीओएम, आणि गोदामात काय शिल्लक आहे त्याची नोंद, एवढं संगणकाला दिलं की काय, किती, केव्हा मागवायचं ते तो सांगतो. प्रत्येक मालाचा लीड टाइम, म्हणजे मागणी दिल्यापासून तो हाती पडेपर्यंतचा वेळ, त्याला आधी सांगून ठेवलेला असतो.

घोडं पेंड खातं ते शिल्लकेच्या नोंदीपाशी. पडद्यावर बेअरिंग चाळीस, रॅकवर अठ्ठावीस. बाकीची बारा रात्रपाळीने चिठ्ठीशिवाय उचलली; ‘सकाळी एंट्री करू’ म्हणाले, ती सकाळ उजाडायची आहे. कधी माल आल्याची नोंद व्हायच्या आत तो वापरल्याची नोंद होते. मग पडद्यावर झळकतं : बेअरिंग, उणे बारा. जगात नसलेली बारा बेअरिंगं कुणीतरी वापरून टाकली, हे कोट्यवधींचं सॉफ्टवेअर शांतपणे सांगतं आणि स्टोअरकीपर तितक्याच शांतपणे खिशातली डायरी काढतो. खरा स्टॉक त्या डायरीत असतो. तो गावी गेला की कारखाना आंधळा.

मग येतं ‘एबीसी’. किमती माल ‘ए’ गटात, किरकोळ ‘सी’ गटात. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या एका माणसाने 1951 साली ही वाटणी मांडली, आणि ती शहाणपणाचीच आहे. अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने घडवणारे सोनं ग्रॅमच्या अंशापर्यंत तोलतात, झाडलेल्या धुळीतूनही ते परत काढतात. तिथे ‘ए’ची किंमत प्रत्येकाला कळते. पण बाकीच्या कारखान्यांत लाइन थांबते ती रुपयाच्या वॉशरसाठी. लाखाची मोटर कुलपात सुखरूप असते, तिला बसवायचा स्क्रू नसतो. आणि ‘सी’ गटाकडे पाहायला साहेबांना वेळ नसतो.

मग साकीनाक्याच्या त्या गाळ्यात फोन लागतो.

“शेठ, पाचशे वॉशर आज संध्याकाळपर्यंत. अर्जंट.”

“साहेब, ऑर्डर पुढच्या महिन्याची होती ना?”

“शेड्यूल बदललं. लाइन उभी आहे.”

“पाठवतो. आणि साहेब, मार्चचं बिल…”

“अकाउंट्सला विचारा.”

शेठ वॉशर देतो, कारण ते त्याने आधीच करून पोटमाळ्यावर ठेवलेले असतात. शेड्यूल बदलणार हे त्याला साहेबांच्याही आधी माहीत असतं. पत्रा त्याचा, भाडं त्याचं, बँकेचं व्याजही त्याचंच. टेम्पो साकीनाका जंक्शनला अडकला तर उशीरही त्याचाच. वर मेट्रोतला माणूस घाटकोपरहून अंधेरीला मिनिटांत पोचतो; खाली वॉशरची गोणी सिग्नल मोजत बसते. आणि तिकडे कंपनीचा साठा शून्य!

ही रीत आजची नाही. कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी बनत होती तेव्हा गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावायचं. तयार गाड्या पडून राहण्याचा प्रश्नच नव्हता. पडून राहायचं ते गिऱ्हाइकाने. परवानाराज गेलं, गिऱ्हाईक सुटलं, आणि पडून राहायचं काम पुरवठादाराकडे आलं. जो दबतो, त्याच्या डोक्यावर साठा.

‘जपानी लोक साठा ठेवत नाहीत’ हा आमच्या साहेबांचा आवडता मंत्र. पण जपान्यांनी पुढचा धडाही गिरवला. 2011च्या भूकंपाने पुरवठा तुटला, तेव्हा खुद्द टोयोटाने महत्त्वाच्या चिप्सचा काही महिने पुरेल इतका साठा पुरवठादारांकडे राखायची सोय केली. 2021 साली जगभर चिप्सचा दुष्काळ पडला तेव्हा सुरुवातीला टोयोटाला त्याची झळ इतरांपेक्षा कमी लागली. आपल्या महिंद्राला त्या सप्टेंबरात वाहन कारखान्यांत सुमारे सात दिवस ‘उत्पादन नाही’ असं जाहीर करावं लागलं. म्हणजे कुठला माल शून्यावर आणायचा आणि कुठला उराशी धरायचा, हे निवडणं म्हणजे नियोजन. सरसकट शून्य म्हणजे शेजाऱ्याच्या फ्रिजवर संसार.

आता कायद्याचं. 2006चा लघुउद्योग कायदा सांगतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे फार तर 45 दिवसांत द्या. लेखी करार नसेल तर 15. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. हे व्याज मागायची शेठची हिंमत नाही, कारण मागितलं की पुढची ऑर्डर दुसऱ्या गाळ्यात. म्हणून 2023च्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकरात पाचर मारली : मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजा मिळेल, आधी नाही. लगेच चर्चा सुरू झाली ती ज्यांना हा नियम लागूच होत नाही असे पुरवठादार शोधण्याची. लीड टाइम कमी करायला ज्यांना वीस वर्षं सुचलं नाही, त्यांना पळवाट आठवड्यात सापडली.

उपाय फुकट आहे. सॉफ्टवेअर तेच ठेवा. बीओएममध्ये वॉशरच्या खाली फक्त एक ओळ वाढवा : शेठचे पैसे, नग एक, गट ‘ए’. आणि ते नसतील तर लाइन थांबवा.