वादळाविना अडकलेले
वेस्ट इंडिजच्या दौऱ्याचा खरा वारकरी कोण, असे विचारले की आपण विमानाने बार्बाडोसला जाणाऱ्याकडे बोट दाखवतो. ते चुकते. तिथले घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास. सकाळी दहाला सुरू होणारी कसोटी इथे संध्याकाळी साडेसातला लागते आणि मध्यरात्र उलटून कितीतरी वेळ चालते. म्हणजे चाकणच्या कारखान्यांतली निम्मी दुसरी पाळी आणि पुढे तिसरीचा बराच भाग. अशा वेळी जागे राहायला चाहत्याला सुट्टी लागते, कामगाराला फक्त ड्युटी. कुणी म्हणेल, कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर स्कोअर पाहणे म्हणजे काही दौरा नव्हे. समुद्र, नारळी, ढोल यांचे काय? मान्य. पण २००७च्या विश्वचषकात भारत-पाकिस्तान होणारच या भरवशावर ज्यांनी ब्रिजटाउनची तिकिटे काढली, त्यांच्या पदरात १५ एप्रिलला आयर्लंड-बांगलादेश पडला. समुद्र तेवढा ठरल्याप्रमाणे हजर होता. भोसरीतल्या प्रेक्षकाला निदान चॅनल बदलता आला.

राहिला प्रवासातल्या हालांचा मुद्दा. २९ जून २०२४ रोजी सात धावांनी विश्वचषक जिंकलेला आपला संघ बेरिल वादळामुळे बार्बाडोसमध्ये अडकला. देश हळहळला, खास विमान गेले आणि ४ जुलैला मंडळी दिल्लीत उतरली. चाकणच्या तळेगाव चौकात कामगारांच्या बस वादळाविनाच अडकतात, तेही कुठला चषक न जिंकता. त्यांच्यासाठी खास विमान सोडा, उड्डाणपुलाचे आश्वासनही वेळेवर उतरत नाही.