पहारेकऱ्याला विरी

मे महिना कलंडला की कोकणात आगोटीची घाई सुरू होते. सुकी लाकडं पडवीत येतात, कौलं परतून होतात, डाळ-तांदूळ-सुकटीची भरती होते आणि पश्चिमेच्या अंगाला झापं बांधली जातात. लांज्याजवळच्या आमच्या घरी या कामांत आता आणखी एकाची भर पडली आहे: कॅमेरा झाकणं. घराची राखण करायला ज्याला आणलं, त्याची राखण काका करतात.

तसा चोर हा विषय गौणच. आमच्या वाडीत चोरून नेण्यासारखा म्हणजे फणस, आणि तो लोक आग्रह करकरून हातात देतात. पण आम्ही भावंडं ठाण्या-पुण्यात बसून मोबाइलवर अंगण बघतो. "काकू, पाऊस आला, दोरीवरचे कपडे काढ," असं मी ठाण्याहून कळवतो. "अरे, भिजतेय ती मी, आणि पाऊस आल्याचं तू सांगतोस?" काकू विचारते.

बसवणाऱ्या वायरमनने निघताना छातीठोक सांगितलं होतं, "आयपी सहासष्ट आहे काका, बिनधास्त ऱ्हावा." यातला पहिला सहा धुळीचा: आत कण शिरणार नाही. दुसरा पाण्याचा: साडेबारा मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला 100 लिटर पाण्याचा मारा निदान 3 मिनिटं झाला तरी कॅमेरा टिकला पाहिजे. सदुसष्टवाल्याला तर 1 मीटर पाण्यात अर्धा तास बुडवतात. अंगणात एवढं पाणी साचलं तर कॅमेऱ्यात बघायला उरणार काय, हा काकांचा प्रश्न मला रास्त वाटतो. शिवाय ही परीक्षा मिनिटांची, आणि आमचा पावसाळा चार महिन्यांचा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, आणि त्यातला बराचसा आडवा येतो.

काकांनी आकड्यावर विसंबून न राहता कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधली. रात्री कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून बघतो. तो पिशवीवर आपटून उलटा फिरला आणि आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर अंगणाच्या जागी पांढरंफेक काहीतरी आलं. पुण्याच्या बहिणीने घाबरून फोन केला, "काका, धूर कसला?" दिवसा पिशवीत वाफ धरायची ती वेगळीच. मग पिशवी उतरली आणि तिथे सुपारीच्या झावळीच्या बुडाशी असते ती पन्हळीसारखी विरी चढली. मोबाइलमध्ये आभाळाच्या जागी तपकिरी पट्टा दिसू लागला. विरी चार बोटं मागे सरकवल्यावर मात्र ती फर्मास बसली. दुकानात पैसे देऊन मिळते ती टोपी याहून वेगळं काही करत नाही: काचेवर थेंब येऊ द्यायचा नाही, आणि आपण चित्रात यायचं नाही.

तरीही ऐन आषाढात कॅमेरा गेला. सगळ्यांनी त्याचं तोंड तपासलं. तोंड कोरडं ठणठणीत. पाणी शिरलं होतं मागून. सहासष्टचा तो आकडा कॅमेऱ्याच्या अंगापुरता असतो. पाठीमागून लोंबणाऱ्या वायरींच्या जोडांना तो लागू नाही. वायरमनने तिथे काळी टेप गुंडाळली होती. छपराकडून उतरणाऱ्या वायरीवरून पाणी निवांत घरंगळत जोडापर्यंत पोचलं आणि आतली पितळी पिन हिरवी झाली. वायरमन म्हणाला, "यंदा पाऊसच जास्त झाला." हे वाक्य कोकणात दर वर्षी म्हणता येतं.

निदान केलं काकूने. "भिंतीवर पाणी येऊ नये म्हणून घराला वळचण ठेवतो. पागोळ्या बाहेर गळतात. वायरीला वळचण कुठाय?" नेमकं हेच हवं असतं. जोडाकडे जाण्याआधी वायरीला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं. वर चढून जोडात जात नाही. जोड बंद डबीत ठेवायचे आणि वायर डबीत खालून घ्यायची. वायरमनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. झोळ दिल्यावर काम गबाळं दिसतं, म्हणून त्याने वायर ताणून सरळ ठोकली होती.

आता कॅमेरा वळचणीखाली आहे, जोड डबीत आहेत, वायरीला झोळ आहे. रात्री काचेजवळचे थेंब उजळून पांढऱ्या रेघा ओढतात आणि अंगणात कोणीतरी आल्याची वर्दी मोबाइल देतो. कोळ्याने काचेसमोर जाळं विणलं की तीच वर्दी वारा सुटेल तेव्हा येते. ठाण्यात माझी झोप उडते. काका गावी घोरत असतात.

तेव्हा वाचकहो, मृगाआधी शिडी काढा आणि कॅमेऱ्याच्या तोंडाआधी त्याची पाठ बघा. आणि हो, पहिल्याच वादळात आमच्याकडे वीज जाते व कॅमेरा बंद पडतो. म्हणून रात्री दाराला कडी घालाच.